लग्न ठाण्यात, पती न्यू जर्सीत: अर्ज आताच करावा की नागरिकत्वाची वाट पाहावी?

प्रश्न : घोडबंदरची रहिवासी

नमस्कार. आमचे लग्न गेल्या डिसेंबरात ठाण्यात झाले. माझे पती न्यू जर्सीत नोकरी करतात. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्याला पाच वर्षे पूर्ण होतील. मी ऐरोलीतील एका आयटी कंपनीत काम करते, कासारवडवलीला सासूसासऱ्यांकडे राहते आणि शनिवार-रविवारी नौपाड्याला माहेरी जाते. लग्न झाल्यापासून आम्ही दोघे एका छपराखाली एकूण तेवीस दिवस राहिलो आहोत. हा आकडा मला पाठ आहे, कारण घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो विचारतो.

पत्नीसाठी आय-१३० हा अर्ज पतींनी तिकडून भरावा लागतो, एवढे आम्हांला समजले आहे. तो आताच भरावा की त्यांना नागरिकत्व मिळाल्यावर, यावर आमचे एकमत होत नाही. पतींचे म्हणणे असे की एवीतेवी थोडेच महिने राहिले आहेत, मग दोनदा पैसे कशाला भरायचे. मला मात्र हातावर हात ठेवून बसणे जड जाते.

दुसरी अडचण माझ्या नावाची आहे. जन्मदाखल्यावर माझे नावच नाही. नुसते 'मुलगी' असे लिहून पुढे आईवडिलांची नावे आहेत. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग माझे नाव, मग वडिलांचे. पासपोर्ट आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आहे. लक्ष्मीपूजनाच्या वेळी सासरी तांदळाच्या ताटात अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले, आणि त्याच उत्साहात पुढच्याच महिन्यात आधार कार्डही त्या नव्या नावाने करून घेतले गेले. आता माझी मलाच ओळख पटवावी लागेल अशी स्थिती आहे.

तिसरे म्हणजे आमचे लग्न विवाहमंडळातून ठरले. तेवीस दिवसांच्या सहवासावर हे लग्न खरे आहे, असे परक्या देशातील अधिकाऱ्याला कसे पटणार? शिवाय दिवाळीत पर्यटक व्हिसावर तिकडे जाऊन यावे काय, याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : कोपरीकर काका

माझ्या पुतण्याने नागरिक झाल्यावरच अर्ज केला होता आणि सूनबाई सुखरूप गेली. नागरिकाच्या पत्नीला रांग नसते, ग्रीन कार्डवाल्याच्या पत्नीला असते. त्यामुळे थांबावे आणि एकदाच पैसे भरावेत, असे माझे मत आहे. घाईने काम बिघडते.

उत्तर : वाशीकर

काकांनी रांगेबद्दल सांगितले ते बरोबर आहे. त्यावरून थांबण्याचा जो निष्कर्ष काढला आहे तो मात्र मला पटत नाही. मी स्वतः ग्रीन कार्डवर असतानाच पत्नीचा अर्ज भरला आणि मध्येच नागरिक झालो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ग्रीन कार्डधारकाची पत्नी एफ-२-ए या वर्गात येते आणि त्या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा आहे. आपला आय-१३० ज्या दिवशी स्वीकारला जातो ती तारीख म्हणजे रांगेतील आपली जागा, आणि ती रांग कुठवर सरकली हे अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये प्रसिद्ध करते. नागरिकाच्या पत्नीला ही मर्यादा लागू नाही. पण अर्ज चालू असताना पती नागरिक झाले, तर तोच अर्ज त्या विनामर्यादा वर्गात जातो. नवा आय-१३० भरावा लागत नाही आणि त्याचे शुल्कही पुन्हा द्यावे लागत नाही. अर्ज ज्या कार्यालयाकडे असेल तेथे नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत पाठवून कळवायचे असते. १ एप्रिल २०२४ पासून हे शुल्क ऑनलाइन भरल्यास ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर असे झाले. भरण्याच्या दिवशी चालू दर एकदा पाहून घ्यावा. तेव्हा दोनदा पैसे जाण्याची आपल्या पतींची भीती अस्थानी आहे. उलट थांबलात, तर अर्जाच्या प्राथमिक छाननीला लागणारे महिने नागरिकत्वाच्या शपथेनंतर मोजायला सुरुवात होईल.

आपल्याकडे आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. नोकरीच्या वर्गात भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब आहे हे सर्वांनी ऐकलेले असते आणि तोच धसका बायकोच्या अर्जालाही घेतला जातो. एफ-२-ए मधील पंचाहत्तर टक्के व्हिसा देशनिहाय मर्यादेतून वगळलेले आहेत, त्यामुळे त्या वर्गात भारतीयांची तारीख सहसा बाकी जगाबरोबरच चालते.

आता पतींसाठी दोन गोष्टी. पाच वर्षे पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधीपासून त्यांना नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज भरता येतो. म्हणजे ऑगस्टची वाट न पाहता मे महिन्यातच ते अर्ज करू शकतील, फक्त नेमकी तारीख कार्डावर पाहून मोजावी. आणि विरह सोसवत नाही म्हणून त्यांनी ठाण्यात येऊन सात-आठ महिने घरून काम करण्याचा बेत आखू नये. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास त्यांच्या वास्तव्यात खंड पडला असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर येतो. शिवाय पाच वर्षांपैकी निम्मा काळ, म्हणजे तीस महिने, त्यांनी प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेला असला पाहिजे. दोन-तीन आठवड्यांच्या फेऱ्या जरूर माराव्यात. त्या पुराव्यालाही उपयोगी पडतात.

पर्यटक व्हिसाचा अर्ज करण्यास कायद्याने मनाई नाही. मात्र त्या अर्जात 'आपल्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज दाखल केला आहे काय' असा थेट प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर खरेच द्यावे लागते. कायदा मुळातच असे गृहीत धरतो की व्हिसा मागणारा माणूस तेथे राहायलाच चालला आहे. नवरा तिकडे आणि कायमच्या वास्तव्याचा अर्ज चालू, अशा स्थितीत ते गृहीतक खोडून काढणे अवघड असते. नकार मिळाला तर १८५ डॉलर गेले, एवढ्यावर भागते. पण कोणाच्या सल्ल्याने तेथे 'नाही' लिहिले, तर ती लबाडी पुढे पत्नीच्या व्हिसालाही कायमची आडवी येऊ शकते. मी आपल्या जागी असतो तर दिवाळीत पतींनाच ठाण्याला बोलावले असते.

उत्तर : भाषांतरकार, नौपाडा

ताई, तुमच्या चार नावांबद्दल लिहिते. या कामासाठी लोकांच्या फायली रोजच माझ्या टेबलावर येतात, आणि त्यांतल्या मुलींच्या बहुतेक फायलींत हाच गुंता असतो, तेव्हा तुम्ही एकट्या नाही आहात.

या प्रक्रियेत तुमचे नाव म्हणजे पासपोर्टवरचे नाव. लग्न झाले म्हणून पासपोर्ट बदललाच पाहिजे असे कोणतेही बंधन नाही. विवाहाचे प्रमाणपत्र आणि पासपोर्ट एकाच नावाचे असल्यामुळे तुमची मुख्य जोडी जुळलेलीच आहे. ती आता अजिबात हलवू नका. आय-१३० आणि पुढचा डीएस-२६०, म्हणजे स्थलांतराच्या व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, या दोन्हींत पूर्वी किंवा अन्यत्र वापरलेली नावे लिहायला जागा असते. आधारवरचे नवे नाव तेथे प्रामाणिकपणे लिहावे. आधार हा त्यांनी मागितलेला कागद नाही, पण बँकेच्या किंवा विम्याच्या पुराव्यावर ते नाव उमटलेले असू शकते. आधार पुन्हा माहेरच्या नावावर न्यायचे असेल तर विचार करून न्या, कारण आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि त्यातली एक संधी तांदळाच्या ताटापायी गेलेली आहे.

वडिलांच्या नावाचा घोळ अमेरिकी अर्जात हमखास होतो. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असते आणि स्वतःचे नाव व वडिलांचे नाव एकाच रकान्यात शेजारी शेजारी असतात. पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच, एका अक्षराचाही फरक न करता, दोघांनी सगळीकडे लिहावे. लग्नानंतर मधले नाव पतीचे लावण्याची आपली रीत या अर्जांत आणू नका. पती प्रेमाने तसे लिहितात आणि मग ते निस्तरण्यात महिना जातो.

जन्मदाखल्यावर नाव नसणे ही मात्र खरी उणीव आहे आणि तिला आजच हात घालावा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच बाळाचे नाव मागाहून नोंदवण्याची तरतूद आहे. जन्म ज्या कार्यालयात नोंदला गेला तेथे शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि आईवडिलांची ओळखपत्रे घेऊन जावे, आणि नाव घातलेली नवी प्रत मिळवावी. काही कारणाने ते जमले नाही, तर आईवडिलांची प्रतिज्ञापत्रे आणि शाळेचे दाखले हा पुढचा मार्ग आहे. दाखल्यावरील आईचे नाव माहेरचे आहे की सासरचे, हेही बघून ठेवा; त्यावरून प्रश्न येतो.

मराठी कागद जोडताना त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असे लिहून सही करायची असते. त्यासाठी नोटरीचा शिक्का आवश्यक नाही, जरी कोर्टाबाहेर बसणारे तसे सांगत असले तरी. भाषांतर हातात आल्यावर स्वतः ओळ न् ओळ वाचा. एका मुलीच्या लग्नपत्रिकेचे दुसरीकडून करून आणलेले भाषांतर मी पाहिले होते. त्यात 'चि. सौ. कां.' हे तिचे पहिले नाव समजून इंग्रजीत उतरवले होते, आणि पत्रिकेवर वडिलांच्या आग्रहाने छापलेले घरचे लाडके नाव हे तिचे मधले नाव झाले होते. तारखांचे तर विचारूच नका. मराठी चाराचा आकडा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठी एक हा घाईत इंग्रजी नऊ वाटतो. अशाने एका गृहस्थांचा जन्म चारऐवजी आठ तारखेला झाला होता. विवाह प्रमाणपत्रावर विवाहाची तारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन असतात, त्यांपैकी अर्जात विवाहाची लिहायची.

हे वाचणाऱ्या आणि लग्न अजून व्हायचे असलेल्या मंडळींसाठी एक गोष्ट लिहून ठेवते. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे विवाहाचे ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा अर्ज, ९० दिवसांत द्यायचे असते आणि त्यावर वधूवर, पुरोहित व तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात. पुरोहितांची सही मांडवातच घ्या. नंतर ते कोकणात जातात.

प्रश्नकर्ती : घोडबंदरची रहिवासी

वाशीकर दादा आणि ताई, मनापासून आभार. काका, तुमच्या मताचाही मी आदर करते. दादांचे उत्तर मी पतींना जसेच्या तसे पाठवले आणि त्यांनी अर्ज भरायला घेतला. भरताना एक गोष्ट उघड झाली. त्यांनी एप्रिलमध्ये मागील वर्षाचे आयकर विवरणपत्र 'अविवाहित' म्हणून भरले आहे. लग्न डिसेंबरच्या मध्यात झाले आणि मी तर भारतातच आहे, म्हणून त्यांना तसे वाटले. यामुळे काही बिघडेल काय?

उत्तर : माहेर ऐरोली, आता एडिसन

बिघडेल, पण दुरुस्त होण्यासारखे आहे, आणि ते आताच लक्षात आले हे उत्तम झाले. अमेरिकेच्या आयकरात ३१ डिसेंबरला माणूस विवाहित असेल तर तो संपूर्ण वर्ष विवाहित धरला जातो; लग्न महिनाभर आधी झाले की अकरा महिने आधी, याने फरक पडत नाही. पत्नी परदेशात असली तरी 'अविवाहित' लिहिता येत नाही. एक तर विवाहित पण स्वतंत्र विवरणपत्र, नाही तर दोघांचे संयुक्त. संयुक्त भरायचे तर तुम्हांला तेथील करदाता क्रमांक काढावा लागेल आणि तुमचा ऐरोलीचा पगारही त्या विवरणपत्रात दाखवावा लागेल, म्हणून दोन्ही पर्यायांचा हिशोब तेथील सनदी लेखापालाकडून करून घ्यावा. चुकलेले विवरणपत्र १०४०-एक्स या अर्जाने सुधारता येते. हे गंभीर का, तर पुढे तुमच्या पतींना आय-८६४ हे पत्नीच्या खर्चाची जबाबदारी घेणारे हमीपत्र भरताना हीच करकागदपत्रे जोडायची आहेत. लग्नाचा पुरावा म्हणून प्रमाणपत्र जोडायचे आणि त्याच फायलीत स्वतःच्या सहीने 'अविवाहित' असल्याचा कागद ठेवायचा, हे समोरच्या अधिकाऱ्याला कसे दिसेल याचा विचार करा.

हमीपत्राकडे बहुतेक जोडपी पगाराचा आकडा म्हणूनच पाहतात. उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. २०२५ च्या तक्त्यानुसार दोन माणसांच्या कुटुंबाला हा आकडा वर्षाला २६,४३७ डॉलर होता. तुमच्या पतींना त्याची अडचण नसावी, आणि असलीच तर तेथे राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो. पण हमीपत्र हा सरकारशी केलेला करार आहे. पत्नी नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खाती कामाच्या चाळीस तिमाही जमा होईपर्यंत तो चालतो, आणि घटस्फोट झाला तरी संपत नाही. माझ्या नवऱ्याने सही करण्याआधी ते कलम मला फोनवर मोठ्याने वाचून दाखवले होते. मी तेव्हा स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते आणि मला हसू आले. आज वाटते, बोहल्यावर म्हटलेल्या सगळ्या मंत्रांपेक्षा ते कलम आम्हांला जास्त नीट समजले होते.

तेवीस दिवसांची काळजी सोडा. मुंबईच्या वकिलातीतील अधिकाऱ्यांना ठरवून केलेली लग्ने नवीन नाहीत. त्यांना दिवसांच्या संख्येपेक्षा दोघांच्या सांगण्यातला मेळ महत्त्वाचा वाटतो. लग्नपत्रिका, कार्यालयाच्या आरक्षणाची पावती, दोन्हीकडची माणसे असलेली दहा-पंधरा छायाचित्रे, विमानाचे बोर्डिंग पास, पासपोर्टवरील शिक्के, पतींनी पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, विम्यावर एकमेकांचे नामनिर्देशन आणि महिन्यागणिक संभाषणाचे एखादे पान एवढे पुरते. मी व्हॉट्सअ‍ॅपची चारशे पाने छापून जाडजूड बाड नेले होते. त्यातले एकही पान कोणी उलटले नाही, आणि मजकूर बहुतेक 'जेवलास का' एवढाच होता. मला विचारले ते असे : लग्नाला तिकडून कोण आले होते, नवरा घरी कोणाबरोबर राहतो, कामावर कसा जातो. नवऱ्याने दोनच आठवड्यांपूर्वी घर बदलले होते आणि खोलीतला जोडीदार कोण हे मला धड माहीत नव्हते, तेव्हा घशाला कोरड पडली. आम्ही दर रविवारी रात्री तासभर फक्त या फायलीविषयी बोलायचो, आणि त्या एकाच रविवारी ते बोलणे चुकले होते.

आय-१३० मंजूर झाल्यावर प्रकरण राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तेथे व्हिसा अर्जाचे ३२५ आणि हमीपत्राच्या छाननीचे १२० डॉलर भरून कागद चढवायचे असतात. पोलीस दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्यायचा. ठाणेकरांना त्यासाठी वागळे इस्टेटचे केंद्र जवळ आहे. कंपनीच्या कामासाठी तुम्ही दुसऱ्या एखाद्या देशात वर्षभर किंवा अधिक राहिला असाल तर तेथील दाखलाही लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तो आधी मागवा. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. लहानपणच्या लसींची पिवळी पडलेली वही आईकडे असेल तर ती शोधून ठेवा. मुलाखतीला पतींनी हजर असण्याची गरज नाही. बीकेसीच्या वकिलातीत मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा बरोबर येणाऱ्याकडे तो सोपवा आणि बाहेर आल्यावर कोठे भेटायचे ते आधीच ठरवा.

शेवटी तारखेची एक बारीक गोष्ट. लग्नाला दोन वर्षे होण्याआधी अमेरिकेत प्रवेश केलात तर दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ती अट काढून घेण्याचा आय-७५१ हा अर्ज भरावा लागतो. दोन वर्षांनंतर प्रवेश केला तर दहा वर्षांचे कार्ड मिळते. येथे व्हिसाची तारीख पाहत नाहीत, विमानतळावरील प्रवेशाची पाहतात. तुमचा व्हिसा लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास हाती आला आणि त्याची मुदत शिल्लक असली, तर चार दिवस थांबून तिकीट काढणे फायद्याचे ठरते.

प्रश्न : कळव्याची वाचक

मध्येच विचारते, क्षमा असावी. माझे दुसरे लग्न आहे आणि पहिल्या लग्नापासूनचा नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आहे. पती ग्रीन कार्डवर आहेत. मुलाचा समावेश माझ्याच अर्जात होतो ना?

उत्तर : वाशीकर

ताई, बरे झाले विचारलेत, कारण माझे वरचे उत्तर आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाही. एफ-२-ए वर्गात मूल आईच्या अर्जाबरोबर येऊ शकते. पती नागरिक झाले आणि अर्ज विनामर्यादा वर्गात गेला की ती सोय राहत नाही. मुलासाठी वेगळा आय-१३० भरावाच लागतो. म्हणून नागरिकत्वाचा विचार असेल तर मुलाचा अर्जही पतींनी आजच स्वतंत्र भरावा. सावत्र मुलासाठी आपले लग्न तो अठरा वर्षांचा होण्याआधी झालेले असणे पुरेसे आहे, त्यामुळे तेथे अडचण नाही. पहिल्या विवाहाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि मुलाच्या ताब्याचा आदेशही हाताशी ठेवा.

प्रश्नकर्ती : घोडबंदरची रहिवासी

सर्वांचे आभार. काल रात्री पतींनी आय-१३० ऑनलाइन भरला आणि पावती क्रमांक आला. 'वापरलेली इतर नावे' या रकान्यात तांदळातले नाव लिहिताना त्याचे इंग्रजी स्पेलिंग काय करायचे यावर आमचे पाऊण तास चालले. शेवटी आधारवर आहे तेच ठेवले. विवरणपत्राच्या दुरुस्तीसाठी त्यांनी लेखापालाची वेळ घेतली आहे. मी मंगळवारी अर्धी रजा टाकून बाबांबरोबर जन्मदाखल्यासाठी जाणार आहे. दिवाळीला तेच येत आहेत, अठरा दिवसांसाठी. सासूबाईंनी पाहुण्यांना सांगायचा आकडा आतापासूनच एक्केचाळीस केला आहे.